नीलकंठशास्त्र्यांचा प्रश्न

काशीत १८४४ साली एकोणीस वर्षांचा एक चित्पावन तरुण संस्कृतात ख्रिस्ती धर्माचे खंडन लिहायला बसला. त्याचे नाव नीलकंठ गोरे. निमित्त होते कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाचे. म्यूर यांनी १८३९ साली संस्कृतातच हिंदू मतांची झडती घेऊन ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला होता. नीलकंठशास्त्र्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिले. स्वधर्माचा बचाव त्यात आहेच, पण त्यांचे खरे घाव ख्रिस्ती सिद्धांताच्या मर्मावर आहेत. पूर्वजन्म नाही, पूर्वकर्म नाही, तर मग पाळण्यातले मूल का तळमळते? मुके जनावर कोणत्या अपराधाचे भोग भोगते? कोण पाप करणार हे आधीच ठाऊक असताना देव त्याला जन्माला तरी का घालतो? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारी शिक्षा, हा कुठला न्याय?

चार वर्षांनी, मार्च १८४८ मध्ये, जौनपूरला याच नीलकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला. ते नेहेम्या गोरे झाले, पुढे फादर गोरे म्हणून पुण्या-मुंबईत ओळखले गेले. पूर्वकर्माच्या सिद्धांतावरही त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’मध्ये कठोर टीका केली. त्यांचे जुने प्रश्न मात्र काशीत राहिले नाहीत. सार्वकालिक शिक्षेच्या सिद्धांतावर लोक जे आक्षेप घेतात, त्यांना उत्तर देणारी पुस्तिका त्यांनाच लिहावी लागली.

पाठ्यपुस्तकांत या शंकांचे तीन कप्पे असतात. दुःख का, हा एक. माणसाची इच्छा खरोखर स्वतंत्र आहे का, हा दुसरा. देवाचा शेवटला न्याय खरोखर न्याय आहे का, हा तिसरा. प्रत्यक्षात ही एकच दोरी आहे. दुःखाचा ठपका देवावरून काढायचा तर माणसाला स्वतंत्र म्हणावे लागते. तो स्वतंत्र ठरला की त्याच्या चुकांचा हिशेब निघतो. आणि हिशेब निघाला की ज्याला हे सगळे आधीच ठाऊक होते, त्या देवाकडेच बोट परत वळते. एक गाठ सोडवायला जावे तर दुसरी आवळते. या वादाचा दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास चाळताना आणखी एक गोष्ट मनात ठसते. नुसत्या तर्काने या गाठी फारशा सैल झाल्या नाहीत. कोणी आपल्या मेलेल्या बापाबद्दल, बायकोबद्दल, तान्ह्या बाळाबद्दल विचारू लागले, तेव्हा त्या हलल्या.

शंका घेणारा तो नास्तिक, हा समज बायबल उघडताच गळून पडतो. ईयोबाचे पुस्तक ४२ अध्यायांचे आहे आणि त्याचा बहुतेक भाग तक्रारीचा आहे. मुलेबाळे गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. तिथवर ते बरोबर वागतात. मग त्यांना वाचा फुटते आणि तिघेही एकच पालुपद घोळवतात: पेरले असशील तेच उगवले, तुझे काहीतरी चुकले असणार. शेवटी देवाचा राग होतो तो या मित्रांवर. देवाची वकिली करणारेच चुकले आणि देवाशी भांडणारा ईयोब बरोबर बोलला, असा निवाडा खुद्द देव देतो. कारण मात्र तो ईयोबाला सांगत नाही. स्वर्गाच्या दरबारात ही सगळी कसोटी कशी ठरली, हे वाचकाला कळते. ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे पाहून येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? जन्मापूर्वीच माणूस पाप कसे करील, हा विचार त्यांच्या मनात कसा आला असेल, यावर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मराठी वाचकाला तो विचार फारसा परका वाटणार नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज कोसळून १८ माणसे दगावल्याचा उल्लेख येतो, तिथेही ती माणसे इतरांपेक्षा पापी होती हे तो मान्य करत नाही. म्हणजे अपघातावरून माणसाची पापे मोजायची नाहीत, एवढे मूळ ग्रंथातच स्पष्ट आहे. तरीही पुढच्या शतकांत तेच मोजमाप पुन्हा पुन्हा झाले.

या वादाला जो आकार आजही टिकून आहे, तो दिला उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने (३५४–४३०). तरुणपणी तो सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होता. जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती झुंजत आहेत, ही त्या पंथाची शिकवण. दुःखाचा उलगडा त्यात सोपा होता, कारण वाईटाचा धनीच वेगळा. ऑगस्टीनला ते पुढे पटेना. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नसते, ती चांगल्याची उणीव आहे, वस्त्राला पडलेल्या भोकासारखी, असे तो म्हणू लागला. ही उणीव जगात आली कुठून? इच्छेतून. स्वतंत्र इच्छेवरचा त्याचा ग्रंथ ३८८ ते ३९५ या काळातला आहे, आणि आजही कोणत्याही चर्चमध्ये धर्मगुरूला दुःखाबद्दल विचारले तर बहुधा त्यातलेच उत्तर मिळते: देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले, माणसाने ते नासवले.

मग पेलागियस हा साधू आला. माणूस मनात आणील तर स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो, नाहीतर देवाने आज्ञा तरी कशाला दिल्या असत्या, असा त्याचा सरळ सवाल होता. ऑगस्टीनला यात देवाच्या कृपेची गरजच संपताना दिसली. आदामानंतर माणसाची इच्छा आजारी आहे, कृपेवाचून तिला बरे व्हावेसेसुद्धा वाटत नाही, असे त्याने मांडले. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत फेटाळले. या विजयाची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. मूळ पाप जर प्रत्येकाला जन्मतःच चिकटलेले, तर बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या बाळाचे काय? ऑगस्टीनचे उत्तर होते: दंड होणार, पण सर्वांत सौम्य. हे लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःचा मुलगा जेमतेम सतराव्या वर्षी वारला होता. पण त्याचा बाप्तिस्मा बापाबरोबरच ३८७ साली झाला होता. ज्या आईचे बाळ पाणी पडण्यापूर्वीच गेले, तिला त्या ‘सौम्य’ शब्दाने काय वाटले असेल, याची नोंद इतिहासात नाही. मध्ययुगातल्या पंडितांना ती शिक्षा सहन झाली नाही. त्यांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ कल्पिला. तिथे यातना नाहीत. देवाचे दर्शनही नाही.

सोळाव्या शतकात हीच गाठ पुन्हा वर आली. इरॅस्मसने १५२४ साली इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले, ल्यूथरने दुसऱ्याच वर्षी इच्छेच्या गुलामीवर लिहून त्याला झोडपले. कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने अनादी काळीच ठरवले आहे, हे कॅल्व्हिनचे मत सर्वांना माहीत आहे. हा ठराव भयंकर वाटतो हे त्याने स्वतःच कबूल केले होते, हे कमी लोकांना माहीत असते. १५४२ हे एकच वर्ष ल्यूथर आणि कॅल्व्हिन या दोघांच्या घरी मृत्यू घेऊन आले. कॅल्व्हिनचे एकुलते एक मूल जन्मानंतर लवकरच गेले आणि ल्यूथरची लेक मॅग्डालेना तेराव्या वर्षी गेली. कॅथलिकांतही शांतता नव्हती. कृपा आणि स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, यावरून जेझुइट आणि डोमिनिकन पंडित रोममध्ये वर्षानुवर्षे भांडले. अखेर १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच सुनावणी थांबवली आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका, अशी ताकीद दिली. तो निकाल आजतागायत लागलेला नाही.

हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) पूर्वनिवडीचे मत सर्वांत कडक शब्दांत मांडले, अशी तिची ख्याती आहे. त्याच ठरावांच्या पहिल्या प्रकरणाचे सतरावे कलम वाचले की मन हलते. ज्या भाविक आईबापांची मुले तान्हेपणीच जातात, त्यांनी आपल्या लेकरांच्या तारणाबद्दल शंका धरू नये, असे ते सांगते. इतक्या काटेकोर इमारतीला एक खिडकी ठेवावी लागली, ती पाळण्याच्या बाजूला. १९०३ साली अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने ती आणखी रुंद केली: तान्हेपणी मरणारे कोणीही मूल हरवत नाही, असे अधिकृतपणे जाहीर करून.

बाळांनंतर पूर्वजांचा प्रश्न. तो सर्वांत थेट विचारला गेला जपानमध्ये, आणि ज्याला विचारला त्याचे शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये होता. जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्याने तिथली हकीकत सांगितली आहे. नवख्रिस्ती जपानी लोक त्याला विचारत, तुमचा देव इतका दयाळू, तर तुम्ही येईपर्यंत त्याने आम्हाला हे कळू का दिले नाही? आमचे आईबाप, आजे-पणजे कुठे आहेत? नरकात पडलेल्यांना सोडवता येत नाही, असे तो सांगे. ते ऐकून माणसे रडत. दानधर्म करून, प्रार्थना करून काही उपाय होईल का, असे पुन्हा विचारत. आपल्या जिवलग माणसांचे हे दुःख पाहून आपल्यालाही अश्रू आवरणे कठीण जाते, असे झेवियरने त्याच पत्रात लिहिले आहे. हजारोंना बाप्तिस्मा देणारा हा माणूस आपल्याच उत्तरापुढे गहिवरला होता, हा त्याच्या चरित्रातला फार मोलाचा क्षण आहे. गोव्यात त्याच्या शवप्रदर्शनाला लाखोंची रांग लागते. त्या रांगेत हे पत्रही कोणी वाचून दाखवावे.

त्या जपानी माणसांना उत्तर मिळायला चारशे बारा वर्षे लागली. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीच्या जाहीरनाम्यात मान्य केले की स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सद्सद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. याआधी ११ वर्षे, चर्चबाहेर कोणालाच तारण नाही असा हट्ट धरणाऱ्या बॉस्टनच्या फादर लेनर्ड फीनींना रोमने बहिष्कृत केले होते; पुढे त्यांच्याशी समेट झाला.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लिस्बनची चर्चे भाविकांनी भरलेली. धरणी हादरली, छपरे मिस्सेला बसलेल्यांवर कोसळली. जे नदीकाठी धावले त्यांना लाटांनी गाठले. वेदींवरच्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे गेली. आहे त्यातल्या त्यात हेच जग सर्वोत्तम, असा लायप्निट्स या तत्त्वज्ञाचा १७१० सालचा सिद्धांत तेव्हा युरोपात मान्यता पावलेला होता. व्होल्तेरने आधी कवितेतून आणि मग १७५९ साली ‘कांदीद’मधून त्यावर हल्ला चढवला. हा भाग सर्वत्र सांगितला जातो. त्याहून बोलका प्रसंग लिस्बनमध्येच घडला. मालाग्रिदा नावाच्या वृद्ध जेझुइटाने १७५६ साली पत्रक काढून सांगितले की भूकंपाला नैसर्गिक कारणे नाहीत, हा आपल्या पापांचा दंड आहे. लोकांनी घरे बांधत बसण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्यावे. ढिगारे उपसू पाहणाऱ्या पोंबाल या मंत्र्याला हे परवडणारे नव्हते. मालाग्रिदाला १७६१ साली गळा दाबून मारून जाळण्यात आले. त्याआधीच, १७५९ साली, जेझुइटांची पोर्तुगीज मुलखातून हकालपट्टी झाली होती आणि तिची झळ गोव्यालाही लागली. मालाग्रिदाचे मत क्रूर होते, त्याला दिलेले मरणही क्रूर होते. पोंबालने गावोगावच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, समुद्र आधी चढला की ओसरला, किती माणसे मेली? धर्मगुरूंनी ती भरून पाठवली. भूकंपशास्त्राची सुरुवात त्या कागदांपासून मानतात. ईयोबाच्या मित्रांना सुचले नव्हते असे काहीतरी त्या पाद्र्यांनी केले: दुःखाचे कारण न सांगता दुःख नोंदवून ठेवले.

पापाचा आणि भूकंपाचा संबंध तुटला की स्वातंत्र्याचा युक्तिवाद लंगडा पडतो. खुनाला खुन्याची इच्छा जबाबदार धरता येते. भूकंपाला, कर्करोगाला कोणाची? डार्विनने ही अडचण आणखी खोल नेली. जिवंत अळीच्या पोटात अंडी घालणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली असेल हे आपल्याला पटत नाही, असे त्याने १८६० साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला कळवले. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि दोघांची मैत्री टिकली. डार्विनची लाडकी लेक ॲनी १८५१ साली दहा वर्षांची असताना गेली होती. आत्मचरित्रात मात्र त्याने सर्वांत जळजळीत शब्द वापरले ते नरकाबद्दल. त्याचे वडील, भाऊ आणि बहुतेक जिवलग मित्र धर्मश्रद्धा नसलेले होते. त्या सर्वांना अनंतकाळ शिक्षा होणार हे मत त्याला किळसवाणे वाटे. पत्नी एमाच्या इच्छेवरून तो मजकूर छापील आवृत्तीतून गाळला गेला आणि १९५८ साली त्याच्या नातीने तो परत घातला. एमा भाविक होती, आणि हा प्रश्न त्या घरात आयुष्यभर दोघांच्या मध्ये होता.

त्याच काळात इंग्लंडच्या चर्चमध्ये नरकावरून रण माजले होते. फ्रेडरिक मॉरिस यांची १८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधली प्राध्यापकी याच कारणावरून गेली. १८६४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की पापी लोकांनाही कधीतरी क्षमा मिळेल अशी आशा धरणे हा पाद्र्याचा गुन्हा ठरत नाही. संतापलेल्या सुमारे ११,००० पाद्र्यांनी विरोधी निवेदनावर सह्या केल्या. १८७७ साली वेस्टमिन्स्टर ॲबीच्या व्यासपीठावरून फ्रेडरिक फरार यांनी चिरंतन आशेवर प्रवचने दिली आणि यातनांच्या प्रचलित चित्रांवर कोरडे ओढले. फरार यांचा जन्म १८३१ सालचा, मुंबईचा. वडील तिथे मिशनरी होते. त्यांना उत्तर दिले ऑक्सफर्डच्या पुसी यांनी, १८८० साली. सार्वकालिक शिक्षा खरी आहे असे पुसी म्हणाले, पण कोणा एका माणसाविषयी तो तिथे आहे असे आपण म्हणू शकत नाही, हेही त्यांनी जोडले.

फादर गोरे याच पुसींच्या वळणाचे होते. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई १८५३ साली मुलीच्या जन्मानंतर लवकरच वारली. उरलेले आयुष्य त्यांनी उपास, अभ्यास आणि वादविवादात काढले. पंडिता रमाबाईंना त्यांनी लिहिलेल्या मराठी पत्राचा रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयात वाटा होता, हे रमाबाईंनीच नमूद केले आहे. तीर्थे करत हिंडणारे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेल्याचे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या. गोरे १८९५ साली मुंबईत वारले.

विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञांचा वाद थोडक्यात सांगता येतो. जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली सर्वशक्तिमान, दयाळू देव आणि दुःख या गोष्टी तर्काने एकत्र नांदू शकत नाहीत असे मांडले. प्लँटिंगा यांनी १९७४ साली स्वातंत्र्याच्या आधारे दाखवले की तर्काचा विरोध सिद्ध होत नाही. त्यांचे म्हणणे बहुतेकांनी मान्य केले. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला त्याचा फार उपयोग नाही, हे प्लँटिंगांनाही ठाऊक होते.

तर्क आणि प्रत्यक्ष दुःख यांतले अंतर एकाच माणसाच्या दोन पुस्तकांत पाहायला मिळते. सी. एस. लुइस यांनी १९४० साली वेदनेवर पुस्तक लिहिले. सुखात माणूस देवाचे ऐकत नाही, वेदना त्याला जागे करते, असा त्यातला मांडणीशुद्ध युक्तिवाद आहे. १३ जुलै १९६० रोजी त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावाने एक लहानसे पुस्तक आले. त्यातला लेखक दार ठोठावतो आणि आतून कडी लावल्याचा आवाज ऐकतो. देव नाही ही भीती त्याला नाही. देव आहे आणि तो असा आहे, ही आहे. लेखक लुइसच आहेत हे जगाला त्यांच्या मृत्यूनंतर कळले. पहिले पुस्तक त्यांनी मागे घेतले नाही, श्रद्धाही सोडली नाही. पण दुःखातल्या माणसाच्या हाती द्यायचे असेल तर कोणते पुस्तक द्यावे, याबद्दल शंका राहत नाही.

जर्मन धर्मपंडित युर्गन मोल्टमान सतरा वर्षांचे असताना, जुलै १९४३ मध्ये, हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले आणि शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला. ‘मी का वाचलो’ हा प्रश्न घेऊन ते युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत गेले. १९७२ सालच्या ‘क्रुसावरचा देव’ या आशयाच्या ग्रंथात त्यांनी देवाला न्यायासनावरून खाली, मरणाऱ्यांच्या रांगेत उभा केला: क्रुसावर देवही सोडून दिल्याची वेदना भोगतो. यातून दुःखाचे कारण कळत नाही. दुःखात देव कुठे असतो, एवढे कळते.

२६ डिसेंबर २००४, रविवार. नाताळ आटोपून वेलंकण्णीला आलेले यात्रेकरू किनाऱ्यावर होते. त्सुनामीने त्यांना ओढून नेले. मारिया मातेचे मंदिर वाचले. वसई, मुंबई, गोव्यातून वर्षानुवर्षे तिथे नवस फेडायला जाणाऱ्यांना या दोन गोष्टी एकत्र कशा मांडाव्यात हे कळेना. मंदिर वाचले याला चमत्कार म्हणावे, तर किनाऱ्यावरच्या लेकरांचे काय म्हणावे? अमेरिकेतले ऑर्थोडॉक्स विचारवंत डेव्हिड बेंटली हार्ट यांनी दुसऱ्याच वर्षी पुस्तक लिहून सांगितले की यामागे देवाचा काही हेतू असेल, हे वाक्य शोक करणाऱ्या आईबापासमोर उच्चारू नये. त्यांनी आधार घेतला दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीतल्या इव्हान कारामाझोव्हचा. एका मुलाच्या छळावर उभारलेला स्वर्ग नको, असे म्हणणारा हा बंडखोर त्यांना ईयोबाच्या मित्रांपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतो. २०१९ साली ते आणखी पुढे गेले आणि सर्वच जण तरतील असे ठामपणे लिहिले. तशी आशा धरण्याची मुभा आहे, खात्री नाही, अशी कॅथलिक पंडित बाल्थासार यांची भूमिका होती. सार्वकालिक यातनेपेक्षा दुष्टांचा अखेर नाश होतो, असे जॉन स्टॉट यांच्यासारखे इव्हँजेलिकल नेतेही १९८८ साली चाचपडत म्हणाले.

लिंबोचाही प्रश्न याच काळात पुन्हा निघाला. रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्यावाचून गेलेली बालके देवाच्या दर्शनाला पोहोचतात अशी आशा धरायला सबळ कारणे आहेत, असे त्यात म्हटले आहे. आयर्लंडमध्ये अशा बाळांना शतकानुशतके आशीर्वादित भूमीत जागा मिळत नसे. बाप रात्री पेटी घेऊन निघे आणि शेताच्या कडेला, समुद्रकाठी, जुन्या पडक्या गढीत पुरून परत येई. त्या जागांना तिथे ‘किलीन’ म्हणतात. कितीतरी आयांना आपले मूल नेमके कुठे आहे हे कधीच सांगितले गेले नाही. अलीकडच्या काळात त्यांतल्या अनेक जागा शोधून काढल्या गेल्या, झाडोरा साफ झाला, फादरांनी येऊन मिस्सा केली, माती आशीर्वादित केली. म्हातारे भाऊ-बहीण काठी टेकत येतात आणि आपल्या घरचे बाळ यांपैकी कोणत्या दगडाखाली असेल, याचा अंदाज घेत उभे राहतात. दगड शेतातलेच आहेत, त्यांवर नावे नाहीत.